ध्रुवप्रकाशाचे यात्रिक : प्रोफेसर क्रिस्तियान बिर्केलंड

शाळेची सहल निघावयाची ठरली म्हणजे आठ-पंधरा दिवस आधीपासून वर्गात दुसरा विषय नसतो. कोठे जावयाचे, गाडी किती वाजता सुटते, शिदोरी किती दिवसांची बांधावयाची, पांघरुणे कोणी आणावयाची, पाऊस आला तर आसरा कोठे घ्यावयाचा, ह्या सर्वांचा खल होतो. आणि इतके करूनही ऐन वेळी कंदील किंवा दोरी घरी राहिल्याचे ध्यानात येतेच. आखणीतील उणीव प्रवासात कळते, आणि पुढच्या सहलीस ती वस्तू आठवणीने बरोबर घेतली जाते. ज्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही ह्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो, त्यांचे बहुतेक आयुष्य अशा एकाच सहलीच्या आखणीत गेले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आकाशातील एक प्रकाश नीट पाहता यावा म्हणून त्यांनी सफरीमागून सफर काढली. दर सफरीत काही चुकले आणि त्या चुकीतून पुढची सफर अधिक चांगली निघाली. मात्र त्यांतील काही चुकांची किंमत रुपये-आण्यांत मोजता येण्यासारखी नव्हती. हे पुरुष म्हणजे नॉर्वे देशाचे विख्यात शास्त्रज्ञ प्रोफेसर क्रिस्तियान बिर्केलंड होत.

तो प्रकाश म्हणजे ध्रुवप्रकाश. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील देशांत हिवाळ्याच्या निरभ्र रात्री क्षितिजावर प्रथम एक फिकट हिरवट कमान दिसू लागते. हळूहळू ती वर चढते, तिला पडद्यासारख्या चुण्या पडतात, आणि वाऱ्याने पडदा हलावा त्याप्रमाणे त्या चुण्या आकाशभर धावू लागतात. खालच्या काठास जांभळट झाक येते, वरच्या अंगास कधी कधी रक्तवर्ण चढतो. आणि मग पाहता पाहता सारे विरून जाऊन पुन्हा तारे दिसू लागतात. दक्षिण ध्रुवाकडेही असाच देखावा दिसतो. आपल्या प्रांतातून तो दिसत नाही. आपणांस त्याची ओळख पुस्तकांतूनच व्हावयाची. उत्तरेकडील लोक मात्र पिढ्यान्पिढ्या त्याखाली राहत आले आहेत. त्याच्याविषयी त्यांच्यात नाना प्रकारच्या समजुती होत्या, आणि कित्येकांस त्याचे भयही वाटे.

बिर्केलंड यांच्या आधी दीडशे वर्षे ह्या प्रकाशाविषयी एक महत्त्वाची गोष्ट समजली होती. स्वीडनमधील अँडर्स सेल्सियस, ज्यांचे नाव आपण उष्णतामापकावर नित्य वाचतो तेच हे, व त्यांचे सहकारी ह्योर्टर यांस १७४१ साली असे आढळून आले की, आकाशात ध्रुवप्रकाश खेळू लागला म्हणजे घरात ठेवलेली चुंबकसूची अस्वस्थ होते. ह्यावरून आकाशातील प्रकाश आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचे काही नाते आहे हे उघड झाले. ते नाते कोणत्या प्रकारचे, हे मात्र कोणास सांगता येईना.

क्रिस्तियान बिर्केलंड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया येथे झाला. ह्याच शहरास आज ओस्लो म्हणतात. लहानपणी स्वतःच्या पैशाने त्यांनी विकत घेतलेली पहिली वस्तू म्हणजे एक लोहचुंबक होती असे सांगतात. आणि पुढील आयुष्याकडे पाहता त्या लोहचुंबकाने त्यांस कधी सोडले नाही असेच म्हणावे लागते. गणितात त्यांची बुद्धी विलक्षण चाले. पदवी घेतल्यावर ते पॅरिसला जाऊन विख्यात गणिती प्वांकारे यांच्याजवळ शिकले, आणि जर्मनीत बॉन येथे विद्युल्लहरींचा शोध लावणाऱ्या हर्ट्झ यांच्या सान्निध्यातही त्यांनी काही काळ काढला. १८९८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आतच, ते आपल्या शहराच्या विश्वविद्यालयात प्रोफेसर झाले.

त्या काळी प्रयोगशाळांत एका नव्या किरणाची चर्चा जोरात होती. काचेच्या नळीतील हवा काढून टाकून तिच्यातून वीज सोडली असता ऋण टोकापासून एक प्रकारचे किरण निघतात, आणि चुंबक जवळ आणला की ते वाकतात. हे किरण म्हणजे विजेच्या सूक्ष्म कणांचा प्रवाह होय हे पुढे सिद्ध झाले. बिर्केलंड यांनी अशा नळीपुढे एक बळकट चुंबक धरला, तेव्हा किरण चुंबकाच्या टोकाकडे ओढले जाऊन एकत्र होतात असे त्यांस दिसले. दुसऱ्या कोणी ही नोंद वहीत लिहून ठेवली असती व पुढचे काम हाती घेतले असते. बिर्केलंड यांचे मन तेथून एकदम आकाशाकडे गेले. पृथ्वी हाही एक प्रचंड चुंबकच आहे. तर सूर्यापासून असे किरण निघत असतील, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांस ध्रुवांकडे ओढून घेत असेल, आणि तेथील विरळ हवेत ते शिरले म्हणजेच ध्रुवप्रकाश दिसत असेल, अशी कल्पना त्यांनी १८९६ साली मांडली. ही कल्पना धाडसाची होती. कारण अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८९२ साली, इंग्लंडचे थोर शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वीवरील चुंबकीय वादळांचा सूर्याशी संबंध असणे अशक्य आहे असे गणिताच्या आधारे सांगितले होते. अशा थोराच्या शब्दापुढे तरुण मनुष्याने काय करावे? बिर्केलंड यांनी वाद घालीत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे ठरविले.

आता ह्या पाहण्याची अडचण वाचकांनी लक्षात घ्यावी. ध्रुवप्रकाश हे काही स्टेशनवर ठरल्या वेळी येणारे वाहन नव्हे. तो सर्वांत अधिक दिसतो तो ठीक ध्रुवबिंदूवरही नव्हे, तर चुंबकीय ध्रुवाभोवतालच्या एका कड्यासारख्या पट्ट्यात. आणि नॉर्वेचा अगदी उत्तरेकडील फिनमार्क प्रांत ह्या पट्ट्याखाली येतो. तेथे उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, तेव्हा प्रकाश दिसावा कसा? म्हणून काळोखाच्या दिवसांत, म्हणजे भर हिवाळ्यात जावयाचे. आल्ता येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आकाश निरभ्र हवे, आणि निरभ्र रात्र म्हटली की थंडी सर्वांत कडक. थोडक्यात, जेथे व जेव्हा मनुष्याने जाऊ नये, तेथेच व तेव्हाच ध्रुवप्रकाश पाहावयास जावे लागते.

१८९७ व १८९८ च्या सुमारास बिर्केलंड आपल्या थोड्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन फिनमार्कमध्ये गेले. चांगले ठिकाण शोधावे हा ह्या सफरींचा हेतू होता. हिमाच्छादित उजाड पठारावर त्यांस भयंकर वादळाने गाठले. शहरात बसून केलेली तयारी त्या वादळापुढे कवडीमोल ठरली. बरोबरच्या विद्यार्थ्यांत बियोर्न हेलान-हान्सेन नावाचा एक वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याचे हात हिमाने गोठले आणि काही बोटे कायमची गमवावी लागली. डॉक्टर होण्याची त्याची आशा तेथेच संपली. ह्या तरुणाने पुढे खचून न जाता समुद्रशास्त्राचा मार्ग धरला आणि त्या शास्त्रात जगभर कीर्ती मिळविली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. परंतु गुरूच्या शब्दावर विसंबून आलेल्या शिष्याचे हात गेले, हे त्या गुरूच्या अंतःकरणास किती लागले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

ह्या अनुभवाने पुढच्या सफरीची आखणी बदलली. उघड्या पठारावर तंबू ठोकून ध्रुवप्रकाशाची वाट पाहणे व्यर्थ आहे. त्यासाठी पक्के घरच हवे, असे बिर्केलंड यांनी मनाशी ठरविले. आल्ताजवळ कोफ्योर नावाची समुद्राची चिंचोळी खाडी आहे. तिच्यावर हल्दे नावाचा सुमारे ३००० फूट उंचीचा डोंगर उभा आहे. त्याच्या शिखरावर १८९९ साली त्यांनी दगडी वेधशाळा बांधविली. बांधकामाचे सर्व सामान खालच्या खोऱ्यातून चढवून न्यावे लागले. सुमारे दोन मैलांवरील दुसऱ्या एका शिखरावर त्यांनी दुसरे लहान घर उभारले आणि दोहोंमध्ये टेलिफोनची तार टाकली. हे कशासाठी? एका ठिकाणाहून पाहणाऱ्यास दूरची वस्तू किती उंच आहे हे कळत नाही. परंतु दोन ठिकाणांहून दोघांनी एकाच क्षणी तिच्याकडे पाहिले व दोघांचे कोन मोजले, तर त्रिकोणाच्या गणिताने तिची उंची काढता येते. आमच्या वरच्या वर्गांतील मुले फळ्यावर जो त्रिकोण सोडवितात, तोच त्रिकोण बिर्केलंड आकाशात सोडवू पाहत होते.

१८९९-१९०० चा हिवाळा ते व त्यांचे सहकारी ह्या शिखरांवर राहिले. दारे उघडू देत नाहीत असे वारे, दिवसचे दिवस न हटणारे ढग, आणि मधूनच एखादी स्वच्छ रात्र, की जीत सर्व कष्टांचे चीज व्हावे. चुंबकसूचीच्या हालचालीची नोंद कागदावर सतत होत राहिली. परंतु दोन मैलांचा पाया त्या उंच त्रिकोणास फार तोकडा पडला. कारण ध्रुवप्रकाशाचा खालचा काठदेखील भूमीपासून सुमारे ६० मैल उंच असतो, हे पुढे बिर्केलंड यांचेच सहकारी गणिती कार्ल स्टोर्मर यांनी अधिक अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या साहाय्याने सिद्ध केले. ह्याहून मोठे दुःख म्हणजे १९०० साली डोंगरावरून हिमाचा लोंढा कोसळून त्याखाली बिर्केलंड यांचे तरुण सहकारी एलिझार बोये मृत्यू पावले. घर पक्के बांधले होते. पण घरापर्यंतची वाट हिमाच्याच स्वाधीन होती. त्या मंडळीचे पुढारीपण बिर्केलंड यांच्याकडे होते, आणि एका घरचा मुलगा परत जाणार नव्हता. आम्हांस वाटते की, विज्ञानाच्या विजयाच्या कथा सांगताना अशी नावे गाळण्याची जी रीत पडली आहे ती बरी नव्हे. ज्याने शोध लावला त्याचे नाव पुस्तकात राहते. ज्याने त्यासाठी प्राण वेचला त्याचेही राहिले पाहिजे.

ह्यानंतर एखादा मनुष्य घरी बसला असता, आणि त्यास कोणी दोष दिला नसता. बिर्केलंड बसले नाहीत. परंतु त्यांनी प्रश्न अधिक खोल विचारला. एका डोंगरावरून आकाशाचा एक तुकडा दिसतो. चुंबकीय वादळ तर सगळ्या पृथ्वीवर पसरते. तेव्हा एकाच वेळी अनेक ठिकाणी डोळे हवेत. १९०२-०३ ची त्यांची तिसरी मोठी सफर ह्या विचारातून निघाली. चार ठिकाणी चार ठाणी वसविण्यात आली : एक नॉर्वेत कोफ्योर येथे, दुसरे आइसलंडात दीराफ्योर येथे, तिसरे स्पिट्झबर्गनच्या बाजूस आक्सेल बेटावर, आणि चौथे रशियाच्या उत्तरेस नोव्हाया झेमल्या बेटांत. चारही ठिकाणी सारखी यंत्रे, सारखी घड्याळे आणि सारख्या नोंदवह्या. तेथे उतरलेल्या मंडळीस सर्व हिवाळा बाहेरच्या जगापासून दूर राहावयाचे होते. म्हणून जे लागेल ते आधीच मोजून न्यावे लागले.

ही चार ठाणीही बिर्केलंड यांस पुरी वाटली नाहीत. त्यांनी जगातील निरनिराळ्या चुंबकीय वेधशाळांकडून त्याच दिवसांच्या नोंदी मागविल्या. आणि येथे ह्या कथेचा धागा आपल्या मुंबईस येऊन मिळतो. त्यांनी ज्या वेधशाळांच्या नोंदी पडताळून पाहिल्या त्यांत डेहराडून व मुंबईची कुलाबा वेधशाळा ह्याही होत्या. कुलाब्यास त्या वेळी नानाभाई मूस हे पहिले हिंदी संचालक काम पाहत होते. उत्तरेत बर्फाच्या घरात बसलेला मनुष्य आणि कुलाब्याच्या समुद्रकाठी दमट हवेत यंत्रे सांभाळणारा मनुष्य यांनी एकमेकांस कधी पाहिले नसेल. पण एकाच वादळाने दोघांच्याही सुया हलविल्या, आणि दोघांनीही त्या प्रामाणिकपणे टिपल्या. ध्रुवप्रकाश मुंबईस दिसत नाही. त्याचा कंप मात्र मुंबईस पोहोचतो.

ह्या असंख्य रेषा एकमेकींशेजारी मांडून बिर्केलंड यांनी असा निष्कर्ष काढला की, ध्रुवप्रकाशाच्या कमानीलगत उंच आकाशात विजेचे प्रचंड प्रवाह वाहत असतात. हे प्रवाह वरच्या अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकरेषांच्या वाटेने खाली येतात, कमानीलगत काही अंतर आडवे वाहतात, आणि पुन्हा तसेच वर निघून जातात. त्यांची शक्ती दहा लक्ष अँपियरच्या घरात असावी असा त्यांचा अंदाज होता. हे सर्व त्यांनी १९०८ व १९१३ साली दोन भागांत निघालेल्या एका विशाल ग्रंथात मांडले.

सफरींस, यंत्रांस व ग्रंथांस पैसा लागतो, आणि तो प्रोफेसराच्या पगारातून निघणे शक्य नव्हते. पैसा मिळविण्यासाठी त्यांनी जे केले त्याची कथाही ऐकण्याजोगी आहे. त्यांनी विजेच्या व चुंबकाच्या बळाने गोळा फेकणारी एक तोफ शोधून काढली व १९०१ साली तिचे पेटंट घेतले. १९०३ साली विश्वविद्यालयाच्या दिवाणखान्यात प्रतिष्ठित पाहुण्यांपुढे तिचा प्रयोग ठेवण्यात आला. कळ दाबताच गोळा सुटण्याऐवजी कानठळ्या बसविणारा आवाज झाला, विजेचा लोळ उठला, आणि पाहुण्यांची तारांबळ उडाली. तोफेचा धंदा त्याच दिवशी बुडाला. परंतु त्याच सुमारास सॅम आयडे नावाच्या एका उद्योगी इंजिनिअराशी त्यांची गाठ पडली. हवेतील नायट्रोजन बांधून त्याचे खत करता येईल असा विजेचा लोळ आयडे यांस हवा होता. आणि असा लोळ तर बिर्केलंड यांच्या तोफेने नुकताच सर्वांदेखत दाखविला होता! चुंबकाच्या साहाय्याने तो लोळ पसरून ताटासारखा वाटोळा केला, त्यातून हवा सोडली, आणि तयार झालेल्या वायूपासून नत्राम्ल व पुढे चुनखडीच्या योगाने शेतीस उपयोगी असे खत बनविले. १९०५ साली ह्या कामासाठी नोर्स्क हीद्रो नावाची कंपनी स्थापन झाली व नोटोडेन येथे कारखाना सुरू झाला. पुढे ह्याहून कमी विजेत होणारी जर्मन रीत निघाल्याने ही रीत मागे पडली. पण त्या काळी तिने नॉर्वेच्या धबधब्यांस काम दिले आणि शेतांस अन्न दिले. माणसे मारण्याच्या यंत्रातून धान्य वाढविण्याचे यंत्र निघावे ह्यात ईश्वरी योजनेचा हात दिसतो असे कोणी म्हटले, तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही.

ह्या पैशातून बिर्केलंड यांनी आपल्या प्रयोगशाळेत एक अद्भुत गोष्ट करून दाखविली. त्यांनी पितळी गोळ्याच्या पोटात विद्युच्चुंबक बसवून एक छोटी पृथ्वी तयार केली. तो गोळा मोठ्या काचेच्या पेटीत टांगून पेटीतील हवा काढून घेतली, आणि त्यावर विजेचे किरण सोडले. तत्काळ त्या इवल्याशा पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांभोवती तेजाची कडी उमटली. ज्या देखाव्यासाठी माणसांनी बोटे व प्राण गमावले होते, तो आता विश्वविद्यालयाच्या खोलीत, हवा तेव्हा, बटन दाबून पाहता येऊ लागला. तरीही त्यांनी हल्देचे घर विसरले नाही. १९१२ साली तेथे कायमची वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख क्रोगनेस हे आपल्या कुटुंबासह त्या शिखरावर राहू लागले, आणि जेथे पूर्वी सशक्त पुरुषांस जीव मुठीत धरून जावे लागे तेथे मुले खेळू लागली. आखणी सुधारत गेली म्हणजे काय होते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

इतरांच्या सुरक्षितपणाची आखणी अशी सुधारत असता, स्वतःच्या प्रकृतीची आखणी मात्र ह्या थोर पुरुषाने कधीच केली नाही. रात्रंदिवस काम चाले. १९०५ साली त्यांचे लग्न झाले होते, पण संसार टिकला नाही. ज्या शोधामुळे धन मिळाले त्याच्या श्रेयावरून आयडे यांच्याशी मन दुरावले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, पण ते त्यांस लाभले नाही. झोप येईनाशी झाली, आणि ती आणण्यासाठी ते व्हेरोनल नावाचे औषध घेऊ लागले. त्याचे प्रमाण वाढत गेले. सूर्यास्तानंतर क्षितिजावर दिसणाऱ्या राशिचक्रप्रकाशाचा अभ्यास करण्यासाठी ते इजिप्तमध्ये जाऊन राहिले. तो प्रकाशही सूर्याच्या किरणकणांचाच खेळ असावा अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची होती, कारण तो अवकाशातील धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश आहे. पहिले महायुद्ध पेटले. एकटेपणा, निद्रानाश आणि औषध यांनी मन पोखरले. हेर आपल्यावर पाळत ठेवून आहेत असा संशय त्यांस छळू लागला. युरोपकडील समुद्रमार्ग धोक्याचे झाल्यामुळे पूर्वेकडून, जपानमार्गे, मायदेशी जावे असा त्यांनी बेत केला. टोकियोत तेरादा तोराहिको यांच्यासारखे शास्त्रज्ञ स्नेही त्यांस भेटले. परंतु ही सफर पुरी व्हावयाची नव्हती. १५ जून १९१७ रोजी टोकियोतील एका हॉटेलात, त्या औषधाचे प्रमाण फार झाल्यामुळे, त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशी गाठण्यास अजून सहा महिने होते. ज्याने चार ठाण्यांवरच्या मंडळीसाठी हिवाळ्याची शिदोरी मोजून दिली, त्याच्या स्वतःच्या अखेरच्या प्रवासात सांभाळ करणारे कोणी बरोबर नव्हते. पालकांनी व विद्यार्थ्यांनी, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत झोपेस शत्रू समजणाऱ्या विद्यार्थ्यांनी, ह्याचा विचार करावा.

मृत्यूनंतर त्यांच्या सिद्धान्तास आणखी एक हिवाळा सोसावा लागला. एकाच जातीच्या विद्युत्कणांचा झोत सूर्यापासून इतक्या दूर टिकणार नाही, तो वाटेतच विखरून जाईल, असा आक्षेप शूस्टर यांनी १९११ सालीच घेतला होता. आणि तो खरा होता. ऋण व धन असे दोन्ही प्रकारचे कण सूर्यापासून निघत असावेत असे बिर्केलंड यांनी अखेरीस सुचविले होते, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. इंग्लंडचे सिडनी चॅपमन यांनी असे प्रवाह पृथ्वीच्या वरच्या वातावरणातल्या वातावरणातच फिरतात असे सुंदर गणित मांडले, आणि जग त्याच्या मागे गेले. जमिनीवरील सुयांच्या आधारे ह्या वादाचा निकाल लागणे शक्यच नव्हते. त्यासाठी वर जावयास हवे होते. मनुष्य वर गेला तेव्हाच निकाल लागला. १९६२ साली व्हीनसकडे निघालेल्या मॅरिनर २ यानास सूर्यापासून दोन्ही प्रकारच्या कणांचा वारा अखंड वाहत असल्याचे आढळले. अमेरिकी नौदलाच्या एका उपग्रहावरील चुंबकमापकाने ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यावर विचित्र विक्षेप दाखविले; ते १९६६ साली प्रसिद्ध झाले, आणि चुंबकरेषांच्या वाटेने वाहणाऱ्या प्रवाहांचे ते चिन्ह होय हे लवकरच ओळखले गेले. आज त्या प्रवाहांस बिर्केलंड-प्रवाह असेच नाव आहे. सूर्याचे कण सरळ येऊन आदळत नाहीत. पृथ्वीच्या चुंबकीय पुच्छात साठलेली शक्ती त्यांस वेग देते, एवढी दुरुस्ती त्यांच्या चित्रात करावी लागली. हिरवा व तांबडा रंग ऑक्सिजनचा आणि जांभळट झाक नायट्रोजनची, हेही ठरले. १९९४ साली नॉर्वेने आपल्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. ती नोट पुढे बदलली, पण चंद्रावरील एका विवरास दिलेले त्यांचे नाव कायम आहे.

आज कोणी ध्रुवप्रकाश पाहावयास जातो म्हटले तर मार्ग सोपा झाला आहे. आल्ता किंवा ट्रॉम्सो येथे विमान उतरते. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत केव्हाही जावे, एका रात्रीवर भिस्त न ठेवता चार-सहा रात्री हाताशी ठेवाव्यात, शहराच्या दिव्यांपासून दूर जावे, आणि लोकरी कपडे आपल्या अंदाजाच्या दुप्पट न्यावेत. हल्देचे घर १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळले. ते पुन्हा उभे करण्यात आले आहे. वादळाची वर्दीही आता आगाऊ मिळते. पृथ्वीपासून सुमारे ९ लक्ष मैलांवर, सूर्याच्या बाजूस, जी याने पहारा देतात त्यांत २०२३ साली सोडलेले आपले आदित्य-एल१ हेही आहे. २०२४ च्या मे महिन्यात मोठे सौर वादळ झाले तेव्हा लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी आकाशातील तांबूस आभा टिपली.

आणि ज्यांस इतके दूर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी अलिबाग आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी सुया बिघडणार, हे ओळखून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आली. १८५९ च्या २ सप्टेंबरचे प्रचंड वादळ ज्या थोड्या वेधशाळांनी टिपले त्यांत कुलाबा अग्रगण्य होती, आणि ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ उलगडून पाहतात. तीच नोंद ठेवण्याचे काम अलिबागेस आजतागायत चालू आहे. उत्तरेच्या आकाशात पडदे हलू लागले की येथील रेषा वाकडी होते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी एखादा त्या रेषेपुढे उभा राहील तेव्हा त्याने हल्देच्या डोंगरावरील घराची आठवण करावी. मोठ्यांचा शब्द प्रमाण मानण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे; जाण्यापूर्वी आखणी करावी; आखणी चुकली तर ती लपवू नये, सुधारावी; आणि आपल्याबरोबर जे येतात त्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्या जिज्ञासेहून मोठी समजावी, इतके ह्या चरित्रावरून शिकता येते. सृष्टिकर्त्याने आकाशात मांडलेला तो प्रकाश ज्याने प्रथम ओळखला त्यास आपला सिद्धान्त खरा ठरलेला पाहता आला नाही; परंतु जी वाट त्याने आखली ती चुकलेली नव्हती.